इराणी हॉटेलातली खुर्ची घरी आणायची असेल तर

आमच्याकडे पहिली बेंटवुडची, म्हणजे वाकवलेल्या लाकडाची, खुर्ची आली तेव्हा सासूबाईंनी दारातच विचारलं, "कुठलं हॉटेल बंद पडलं?" प्रश्न टोमणा म्हणून होता पण अगदी बरोबर होता, कारण ही खुर्ची मुळात हॉटेलसाठीच जन्माला आली. आता आमच्या डोंबिवलीच्या टू बीएचकेत अशा पाच वस्तू आहेत, चार खुर्च्या आणि एक टोप्या-छत्र्यांचा स्टँड, आणि त्या पाचांच्या नादात मी जेवढ्या चुका केल्या तेवढ्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितेय. अगदी पहिल्यापासून सुरू करते, ज्यांना माहितीय त्यांनी थोडं खाली सरकावं.

आधी ही खुर्ची म्हणजे काय ते

गोल बैठक, बहुतेक वेळा वेताने विणलेली, पाठीला लाकडाची एक मोठी कमान, तिच्या पोटात अजून एक छोटी कमान, आणि खाली चारही पायांना धरून ठेवणारी बांगडीसारखी कडी. कुठे कोपरा नाही, कुठे नक्षी नाही. जुन्या फर्निचरवाल्यांकडे "इराणी खुर्ची" म्हटलं की कळतं, काहीजण "पोलंडची" म्हणतात, काहीजण "व्हिएन्ना".

ही बनवली मिखाएल थोनेट नावाच्या सुताराने. जन्म १७९६, जर्मनीत र्‍हाईन नदीकाठच्या बोपार्डचा, १८४२ मध्ये व्हिएन्नाला गेला. सुरुवातीला तो लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसाने चिकटवून वाकवायचा, पण सरसाला दमट हवा चालत नाही, लांबच्या देशात माल पाठवायचा तर थर सुटायला लागतात. मग त्याने अख्खं भरीव लाकूडच वाफेवर वाकवायचं ठरवलं आणि १८५६ मध्ये त्याचा हक्क म्हणजे पेटंट मिळवलं. १८५९ ची त्याची १४ नंबरची खुर्ची म्हणजे आपण इराण्याकडे बसतो तिची सख्खी आजी. फक्त सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावायच्या आणि जिथे पोचतील तिथे जोडायच्या. बोटीतून मुंबईपर्यंत ही खुर्ची का आली याचं उत्तर त्या खोक्यातच आहे, हलकी, स्वस्त, आणि जागा न खाणारी. १९३० पर्यंत ही एकच खुर्ची जगभरात पाच कोटी विकली गेली म्हणतात.

वाकवायची युक्तीही सांगून टाकते कारण पुढे खुर्ची तपासताना ती लागणार आहे. वाफेत मऊ झालेलं लाकूड दाबलं तर बर्‍यापैकी दबतं पण ताणलं तर जवळजवळ नाहीच, लगेच बाहेरच्या अंगाने फाटतं. म्हणून दांड्याच्या बाहेरच्या बाजूला लोखंडाची पट्टी दोन्ही टोकांना पक्की आवळायची आणि मग वाकवायचं, म्हणजे बाहेरची बाजू ताणलीच जात नाही, सगळी कसर आतली बाजू दबून भरून निघते. मग लोखंडी साच्यात अडकवून वाळवायचं. लाकूड बीच नावाचं, युरोपातल्या जंगलातलं. सागवान नाही हे आत्ताच डोक्यात ठेवा, कारण सागवानाला जे माफ असतं ते बीचला नसतं.

पहिलं काम: विकत घेऊ नका, जाऊन बसा

खरंच सांगतेय. मुंबईत धोबीतलावच्या क्यानी या इराणी हॉटेलात जा, १९०४ चं आहे, किंवा बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियात, ते १९२३ चं. बन मस्का मागवा आणि खुर्चीकडे नीट बघा. पाठ टेकली की कमान नेमकी कुठे लागते, अर्ध्या तासाने कंबर काय म्हणते, तुमच्या घरातल्या जाड्या माणसाला बैठक पुरेल का. ही खुर्ची चहा प्यायला आणि जेवायला मस्त आहे, लॅपटॉप घेऊन आठ तास बसायला नाही. माझ्या नवर्‍याने वर्क फ्रॉम होमला वापरून बघितली, चौथ्या दिवशी ऑफिसची चाकवाली खुर्ची मागवली.

हातात उचलूनही बघा (वेटरला आधी विचारून, नाहीतर ओरडा खाल). साधारण तीन-साडेतीन किलोची असते. हे वजन हाताला लक्षात राहू द्या, बाजारात उपयोगी पडतं.

मग घरी येऊन टेप काढा

बैठक जमिनीपासून साधारण ४५-४६ सेंमी, गोल बैठक ४० सेंमीच्या आसपास, आणि डायनिंग टेबल ७५ सेंमी असेल तर मांड्यांना जागा नीट मिळते. आपल्याकडे सुताराकडून बनवून घेतलेली काही टेबलं उंच असतात आणि त्यांना खाली आडवी जाड पट्टी असते, तिथे गुडघे आपटतात. टेबल आधी मोजा, खुर्ची नंतर.

किती घ्यायच्या? नवशिक्यांनी दोन. सहाचा सेट दिसला, भाव चांगला आहे, पुन्हा मिळणार नाही, असं सगळं मनात येईल, तरी दोनच. दोन खुर्च्यांबरोबर एक पावसाळा काढा मग ठरवा. मी पहिल्याच फटक्यात चार घेतल्या होत्या आणि त्यातल्या दोन आज घरात नाहीत, त्याचं रामायण खाली येतंय.

कुठे शोधायचं

मुंबईत चोर बाजार, म्हणजे मटण स्ट्रीट आणि आजूबाजूच्या गल्ल्या. जोगेश्वरी पश्चिमेला ओशिवर्‍याचं फर्निचर मार्केट, तिथे जुन्यासारखं नवं खूप असतं तेव्हा डोळे उघडे ठेवून. पुण्यात जुना बाजार, बुधवार आणि रविवार, तिथे फर्निचर नशिबाने मिळतं. पण माझ्या चारपैकी दोन चांगल्या खुर्च्या बाजारातल्या नाहीतच, एक गिरगावातल्या चाळीचं रीडेव्हलपमेंट सुरू झालं तेव्हा ओळखीच्या काकूंनी "घेऊन जा गं, माळ्यावर पडलीय" म्हणून दिली आणि दुसरी एका दाताच्या डॉक्टरांनी दवाखाना नवीन केला तेव्हा. जुन्या लायब्ररीत, जिमखान्यात, वकिलांच्या चेंबरमध्ये, शाळांच्या स्टाफरूममध्ये अशा खुर्च्या असतात आणि त्या भंगारवाल्याकडे जायच्या आदल्या दिवशी तुम्हाला कळलं पाहिजे, तर दहा जणांना सांगून ठेवा की मला पाहिजेय.

तपासणी, इथे घाई करू नका

आता ते रामायण. मी घेतलेल्या पहिल्या चार खुर्च्या चकाचक पॉलिशच्या होत्या, आरशासारख्या, आणि दुकानदार म्हणाला शंभर वर्षांच्या आहेत मॅडम, पोलंडच्या, आणि मी चमक बघून भुलले. घरी आणल्यावर सहा महिन्यांत एकीची पाठ कमानीवरच कडकन मोडली, बसलेल्या पाहुण्यांची माफी मागून झाल्यावर तुटलेला भाग बघितला तर लाकडाच्या रेषा कमानीबरोबर वळलेल्याच नव्हत्या, आडव्या कापल्या गेलेल्या. म्हणजे ती वाकवलेली नव्हतीच, फळीतून कमानीच्या आकारात कापून जोडलेली होती. दुसरी आतून पोखरलेली निघाली. उरलेल्या दोन मात्र खरोखर चांगल्या होत्या आणि गंमत म्हणजे त्याच चौघींत सगळ्यात कळकट होत्या. तेव्हापासून माझा नियम, पॉलिश बघायचं नाही, हाडं बघायची. तर हाडं कशी बघायची:

पहिलं म्हणजे रेषा. मोबाईलचा टॉर्च तिरका धरा आणि पाठीच्या कमानीवर लाकडाच्या रेषांचा माग काढा. खरी वाकवलेली असेल तर रेषा एका मागच्या पायाच्या टोकापासून निघून वर कमानीवरून वळून दुसर्‍या पायाच्या टोकापर्यंत सलग जातात, कारण मागचे दोन पाय आणि पाठ हा एकच दांडा असतो. रेषा मधेच कडेला जाऊन संपत असतील तर ती कापलेली आहे, वळणावर मोडणार. काळा ऑइलपेंट दिला असेल तर रेषा दिसत नाहीत, मग बैठकीच्या खालच्या बाजूला बघा, तिथे रंगारी कंटाळा करतो. बीचवर बारीक बारीक तपकिरी ठिपके-रेघा दिसतात, तांदळाच्या कणीएवढ्या, एकदा ओळखता आल्या की विसरत नाही.

मग हलवून बघा. पाठीला दोन्ही हात धरून खुर्ची डावी-उजवी ढकला. थोडी हलली तर घाबरू नका, स्क्रू आवळून निघतं. कुरकुरली तरी ठीक. पण पुढचा पाय बैठकीतल्या भोकात गोल गोल फिरत असेल तर भोक झिजलंय, काम मोठं आहे, भावात ते वजा करा. सपाट लादीवर ठेवून चारही पाय टेकतात का बघा, नाही टेकले तर लगेच पाय घासायला जाऊ नका, बर्‍याचदा खालची कडी चुकीच्या जागी बसवलेली असते म्हणून डुगडुगते.

उलटी करा. दुकानदार कसाही बघो. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला कागदी लेबल किंवा जाळून मारलेला शिक्का असतो, नसला तरी तो होता त्याची खूण असते. थोनेट, कोह्न, मुंडुस ही मोठी नावं. थोनेटचा हक्क १८६९ मध्ये संपला आणि मग बाकीचे कारखाने सुरू झाले, त्यातले कोह्न आणि मुंडुस १९१४ मध्ये एकत्र आले आणि महायुद्धानंतर काही वर्षांत थोनेटही त्यांना मिळालं. तेव्हा एकाच लेबलवर थोनेट आणि मुंडुस दोन्ही नावं असतील तर ती खुर्ची पहिल्या महायुद्धानंतरची, दुकानदार काहीही शपथ घेवो. तसंच देशाचं नाव. "चेकोस्लोव्हाकिया" लिहिलंय म्हणजे १९१८ च्या आधीची असूच शकत नाही, कारण तो देशच नव्हता. पोलंडचंही तेच, १९१८ च्या आधी नकाशावर पोलंड नव्हतं, तेव्हा "मेड इन पोलंड" छापलेली १८९० ची खुर्ची असं कोणी विकत असेल तर हसून पुढे चला. थोनेटचे मोठे कारखाने मोरावियात होते, म्हणजे आताच्या चेक देशात, आणि एक रादोम्स्कोला, जे आता पोलंडमध्ये आहे. म्हणून आपल्याकडे "पोलंडची" आणि "व्हिएन्नाची" ही दोन्ही नावं एकाच खुर्चीला चिकटली.

लेबल नाही म्हणून चांगली खुर्ची सोडू नका मात्र. तुम्ही घर सजवताय, म्युझियम नाही. इथे बनलेल्या नकलाही खूप आहेत आणि त्यातल्या काही छान वाकवलेल्या, मजबूत आहेत. फक्त नकलेला नकलेचा भाव द्या.

आता कीड. बीचला भुंगा आणि वाळवी दोन्ही आवडतात. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर सुरी नाही, बोटाच्या पेराने ठोका, आवाज भरीव की पोकळ. पायांचे तळ आणि बैठकीच्या कड्याची आतली बाजू, ही दोन ठिकाणं सगळ्यात आधी जातात. नखाने दाबल्यावर लाकूड बिस्किटासारखं चुरलं तर ठेवा तिथेच.

आणि शेवटी, आधीच्या मालकाने केलेली दुरुस्ती. खिळे मारलेले, लोखंडी एल पट्ट्या ठोकलेल्या, चिरांमध्ये लांबी (रंगार्‍याची पुट्टी) भरून वर रंग मारलेला. स्क्रूची खुर्ची आहे ही, खिळा दिसला की समजायचं कोणीतरी वैतागून मारलाय, आणि खिळ्याने गोल दांडा हमखास चिरतो. वाकवलेल्या भागावर बाहेरून केसासारख्या चिरा असतील तरी सावध. बैठकीचा वेत फाटलाय हे मात्र चांगलं लक्षण समजा, भाव पाडायला. तो बदलता येतो, कमान बदलता येत नाही.

भाव इथे लिहीत नाही कारण गल्ली बदलली की भाव बदलतो. पद्धत एवढीच की विणकामाचा, पॉलिशचा आणि टेम्पोचा खर्च आधी फोनवर विचारून ठेवायचा आणि तो डोक्यात धरूनच बोली लावायची.

घरात घ्यायच्या आधी वनवास

नवीन आलेली खुर्ची सरळ हॉलमध्ये नेऊ नका, तुमच्या प्लायच्या कपाटांची शपथ. बाल्कनीत किंवा जिन्यात काळ्या कार्डपेपरवर चार पाय ठेवून उभी करा, दोन आठवडे. रोज सकाळी बघायचं. कागदावर पिवळसर पांढरी बारीक पूड पडलेली दिसली तर भुंगा जिवंत आहे, आत बसून खातोय. काहीच पडलं नाही तर भोकं जुनी, राहणारे कधीच गेले. हा काळ्या कागदाचा उपाय फुकट आहे आणि मला तो आधी माहीत असता तर दुसरी खुर्ची फेकावी लागली नसती. जिवंत असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याकडून भुंग्याचं औषध घ्या आणि इंजेक्शनच्या सुईने एकेका भोकात सोडा, हातमोजे-मास्क घालून, पोरांना लांब ठेवून. मग भोक मेणाने बंद करा. त्यानंतर पुन्हा पूड पडली तर नवीन भोक म्हणजे औषध पोचलं नाही, परत करायचं. बारा महिने नजर ठेवा. कडक उन्हात तापवून भुंगा मारायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका, कीड मरेल न मरेल, कमानी मात्र तडकतील.

आवळणं आणि चिकटवणं

बैठकीखालचे स्क्रू आणि मागच्या पायांचे बोल्ट हाताने आवळा. ड्रिल मशीन लावू नका, पकडीनेही पिळू नका. जुने स्क्रू सरळ खाचेचे असतात, खाचेत बरोब्बर बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या नाहीतर खाच जाते आणि मग तो स्क्रू जन्मभर निघत नाही. गंजला असेल तर तेलाचे दोन थेंब आणि रात्रभर दम. भोक सैल झालं असेल तर काडेपेटीच्या काड्या गुल तोडून फेविकॉलमध्ये बुडवून भोकात भरा, वाळू द्या, मग स्क्रू फिरवा. दाताच्या डॉक्टरांवाली खुर्ची अशा सात काड्यांवर उभी आहे.

जुना वाळलेला सरस सांध्यात असेल तर त्यावर नवीन काही चिकटत नाही. कोमट पाण्याच्या फडक्याने तो मऊ करून खरवडून काढायचा, लाकूड पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच नवीन लावायचं. बाकी मोठं काम, पाय चिरलाय वगैरे, सुताराला द्या, पण असा सुतार शोधा जो हातात घेतल्या घेतल्या "एल पट्टी मारून देतो ताई" म्हणणार नाही.

वेताची बैठक

इथे दोन प्रकार आहेत आणि ते कळले नाहीत तर विणणारा तुमच्याकडून चुकीचे पैसे घेईल. बैठकीच्या कड्याला गोल गोल छोटी भोकं असतील तर ती हाताने विणायची, भोकाभोकातून वेताची पट्टी ओवत. भोकं नसून फक्त एक खाच असेल तर तयार विणलेली जाळी कापून त्या खाचेत दाबून बसवतात. पहिलं महाग आणि टिकाऊ, दुसरं एका तासाचं काम. तिसरा प्रकार प्लायवूडच्या बैठकीचा, छोट्या भोकांची नक्षी असलेला, तो मूळचाच असू शकतो, थोनेटच्या काळातही लाकडी बैठका होत्या, तेव्हा प्लाय दिसला म्हणून नाक मुरडू नका.

हाताने विणणारे लोक शोधा. आपल्याकडे कितीतरी वर्षं खुर्च्या विणायचं काम अंध कारागीर करत आलेत, सरकारी ऑफिसातल्या वेताच्या खुर्च्या त्यांच्याचकडून विणल्या जायच्या, आणि अंधांसाठीच्या संस्थांमध्ये चौकशी केली की बर्‍याचदा कोणीतरी मिळतं. आमच्याकडे आलेले काका हॉलच्या लादीवर मांडी घालून बसले, बादलीभर पाण्यात वेताच्या पट्ट्या भिजत घातल्या आणि अर्ध्या तासाने एकेक काढून बोटांनी चाचपून चकचकीत बाजू कुठली ते बघायचे, ती वर. आधी भोकं मोजली, सगळीकडून, दोनदा, आणि मधली चार भोकं अंगठ्याने धरून ठेवली. मग उभे धागे, त्यावर आडवे, परत उभे, मग दुसरे आडवे पण एकाखालून एकावरून, आणि शेवटी दोन्ही तिरपे. तिरपे धागे ओवताना मधली अष्टकोनी जाळी एकदम उमलते, तोपर्यंत नुसता गुंता वाटतो. पट्टी ढिली वाटली की काका ती नखाने वाजवून बघायचे, तंबोर्‍यासारखी, आणि आवाज आवडला नाही की उसवायचे. अडीच दिवस लागले एका खुर्चीला. मी विचारलं स्वतः शिकता येईल का, म्हणाले, येईल की, पण पहिली खुर्ची पाहुण्यांना देऊ नका.

वेत ढिला पडून खोलगट झाला असेल आणि फाटलेला नसेल तर बदलायच्या आधी एक करून बघा. खुर्ची उलटी करा, खालच्या बाजूने कोमट पाण्याने भिजवलेलं फडकं वेतावर अर्धा तास ठेवा, लाकडाला शक्यतो पाणी लागू न देता, मग सावलीत रात्रभर वाळू द्या आणि तोवर कोणी बसायचं नाही. सकाळी ताठ झालेला असतो. पाणी खालूनच का तर वरच्या चकचकीत बाजूला पाणी शोषलं जात नाही.

आणि वेतावर उभं राहायचं नाही. मागच्या दिवाळीत नवर्‍याला आकाशकंदील लावायचा होता, स्टूल किचनमध्ये होतं, खुर्ची समोर होती. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. पाय घोट्यापर्यंत आत, हातात कंदील, आणि सासूबाई म्हणतायत, "हॉटेलवाले म्हणून तर टेबलावर चढायचे."

पॉलिश

लाकूड पूर्ण घासून कोरं करायचा मोह टाळा. जुना गडद रंग जातो तो परत येत नाही, आणि पॉलिश पेपरने गोल दांडे घासले की कुठेतरी चपटे होतात, ते प्रकाशात दिसतं. आधी ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने आणि साबणाच्या दोन थेंबांनी साफ करा, निम्मं काम तिथेच होतं, शंभर वर्षांच्या हातांचा तेलकटपणा निघतो. मग कापसाला स्पिरिट लावून कुठेतरी न दिसणार्‍या जागी घासा. रंग कापसावर आला, चिकट झाला, तर ते लाखेचं जुनं फ्रेंच पॉलिश आहे, त्यावर लाखेचाच पातळ हात देऊन ते पुन्हा जिवंत होतं. काहीच झालं नाही तर वर मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे आजकालचं केमिकलचं पॉलिश आहे. ऑइलपेंट असेल आणि तुम्हाला तो रंग बघवत असेल तर राहू द्या, मी माझी एक खुर्ची पोपटी हिरवीच ठेवलीय.

फ्रेंच पॉलिश पावसाळ्यात करू नका. हवेतल्या ओलाव्याने ते पांढरट धुरकट पडतं, मग पॉलिशवाला म्हणणार लाकूड खराब आहे आणि तुम्ही म्हणणार पॉलिशवाला. दिवाळी ते होळी, तेवढ्यात उरका.

आता घरात कुठे

ह्या फर्निचरचं सौंदर्य पोकळीत आहे. कमानीतून पलीकडचं दिसतं म्हणून छोट्या हॉलमध्येही चार खुर्च्या गर्दी करत नाहीत. पण मागे भरगच्च फुलाफुलांचा वॉलपेपर किंवा दगडी टाइल्स लावल्या की कमान दिसेनाशी होते. मागे साधी भिंत पाहिजे, पांढरी, फिकट पिवळी, जुन्या घरांसारखी फिकट हिरवी. आणि बाजूने प्रकाश. आमच्याकडे संध्याकाळी साडेपाचला गॅलरीतून ऊन तिरकं येतं आणि खुर्चीच्या सावल्या लादीवर पडतात, वेताच्या जाळीसकट, त्या सावलीसाठी मी टीपॉय हलवला. मात्र रोज दुपारचं कडक ऊन थेट पडेल अशी जागा नको, वेत ठिसूळ होतो.

सोफासेटच्या शेजारी एकटी ठेवली तर बिचारी पाहुण्यांसाठी आणलेली जादा खुर्ची वाटते. तिला काम द्या. टेबल, दिवा, पुस्तकं, काहीतरी जोडीला. सगळ्यात जमणारी जोडी म्हणजे संगमरवरी पृष्ठभागाचं छोटं टेबल, इराण्याकडे असतं तसं, फक्त त्यावर लिंबू पिळू नका आणि हळदीचा हात लावू नका, लिंबाने संगमरवराची चमक जाऊन कायमचा चट्टा पडतो. साध्या सागवानी टेबलाबरोबरही छान दिसतात. काचेच्या टेबलाबरोबर मला आवडत नाही, सगळंच पारदर्शक झालं की नजर टेकायला जागा राहत नाही.

एकसारख्या सहा खुर्च्या मिळणं अवघड, आणि मिळायलाही नको असं माझं मत झालंय. वेगवेगळ्या पाठींच्या चालतात, फक्त बैठकीची उंची आणि रंगाची जात सारखी ठेवा, एक पोपटी सोडून. आणि पाचवी वस्तू, तो स्टँड, वाकवलेल्या लाकडाच्या फांद्यांचा, दारामागे ठेवलाय. मूळ कोट आणि हॅटसाठी, आमच्याकडे छत्र्या, हेल्मेट, भाजीच्या पिशव्या आणि सासूबाईंची जपाची पिशवी. एकाच बाजूला सगळं लटकवलं की तो कलंडतो, तेव्हा जड वस्तू भिंतीच्या बाजूला आणि खालच्या कडीत छत्र्या ओल्या ठेवायच्या नाहीत.

झुलती खुर्ची, म्हणजे रॉकिंग चेअर, थोनेटने १८६० पासून बनवली आणि दिसायला ती सगळ्यांत देखणी. पण घ्यायच्या आधी जमिनीवर खडूने आखून बघा, तिला मागेपुढे झुलायला मिळून सहज पाचेक फूट लागतात, आणि शेपटीसारखी वळलेली मागची टोकं रांगत्या बाळाच्या बोटांवर येतात. आमच्याकडे भाचा दीड वर्षाचा आहे म्हणून अजून आणली नाही.

रोजचं

पायांना रबरी बूट किंवा फेल्ट लावा, नाहीतर लादीवर ओढताना कडीच्या सांध्याला धक्का बसतो. पावसाळ्यात वेतावर पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या ब्रशने झटकून पंख्याखाली ठेवा. दर सहा महिन्यांनी, मी गुढीपाडवा आणि दसरा धरते, उलटी करून स्क्रू बघायचे, कारण आपल्या हवेत लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, स्क्रू आपोआप ढिले होतात.

आणि पाहुण्यांना, विशेषतः जेवण झाल्यावर गप्पा मारणार्‍या काकांना, एवढं एकच सांगावं लागतं की मागच्या दोन पायांवर झुलू नका. बैठक आणि पाठ यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना मिळून दोनच बोल्ट आहेत, सगळं वजन त्या दोघांवर येतं. काका ऐकत नाहीत. म्हणून त्यांच्या जागी आम्ही प्लास्टिकची खुर्ची ठेवतो.